मुंबई-मालवण : दीड तास (म्हणे!)

२०२२ चा जुलै. दुपारी २ वाजता गावाहून चुलतभावाचा फोन. "काका गेले. कधी येतलंस? किती वेळ लागतलो?"

मी पेशाने प्रोग्रामर. दिवसभर लोकांच्या सिस्टिम किती मिलिसेकंदांत उत्तर देतात ते मोजत बसतो. आणि स्वतःच्या गावाला पोचायला किती वेळ लागेल, ते मला सांगता येईना.

नेटवर बघाल तर उत्तर सोपं आहे. मुंबई ते चिपी सरळ रेषेत साधारण ३५० किलोमीटर, विमानाला दीड तासही नको. पण त्या दिवशीचं विमान निघून गेलं होतं. गोव्याचं आयत्या वेळचं तिकीट आम्हा तिघांना परवडणारं नव्हतं. पावसात रात्रीचा महामार्ग नको, असं घरच्यांचं म्हणणं. मग रात्रीची कोकण रेल्वे, तीही पावसाळी वेळापत्रकाची. मालवणला स्टेशन नाही म्हणून कुडाळला उतरून पुढे रिक्षा. दारात पोचलो तेव्हा सकाळचे ११ वाजले होते. काकांना नेऊन झालं होतं. एकवीस तास. म्हणजे ताशी १७ किलोमीटरसुद्धा नाही. एवढ्या वेळात माणूस दुबईहून मुंबईला येऊन परत जाऊ शकतो, दोनदा!

तर माझं भांडण या 'दीड तासा'शी आहे. हा आकडा विमानाचा आहे, माणसाचा नाही. माणसाचा प्रवास फोन ठेवला की सुरू होतो आणि उंबरठ्यावर संपतो. मधे पुढची फेरी कधी, जागा आहे का, उतरल्यावर गावात जायला एसटी आहे का, हे सगळं येतं. आमच्या धंद्यात सर्व्हर चालू असताना किती वेगवान आहे हे नंतर विचारतात. आधी विचारतात, चालू असतो का?

९ ऑक्टोबर २०२१ ला चिपीचं उद्घाटन झालं, तेव्हा एकाच मंचावरून श्रेयाचे टोमणे मारून झाले. 'उडान' योजनेतलं अनुदान ३ वर्षांचं असतं, हे तेव्हाही माहीत होतं. चौथ्या वर्षी काय, हे कुणी बोललं नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात ती मुदत संपली आणि मुंबईची फेरी थांबली.

कुणी म्हणेल, आता मोपा आहे की! बरोबर, जानेवारी २०२३ पासून आहे. आणि तेच तर मी म्हणतोय. मालवणहून मोपा चिपीपेक्षा कितीतरी लांब, तरी लोक तिकडे जातात, कारण तिथून दिवसभर विमानं सुटतात. मोपा लांब असून जवळ, चिपी जवळ असून लांब.

"विमान म्हणजे श्रीमंतांची चैन" हेही ऐकलंय. मग रस्ता तरी द्या! चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं. तेव्हा जन्मलेली पोरं एव्हाना मिसरूड फुटायच्या वयाला आली.

माझी मागणी साधी आहे. यापुढे कुठल्याही विमानतळाची फीत कापताना मिनिटं सांगू नका. वर्षातले किती दिवस विमान येणार आणि अनुदान संपल्यावर पैसे कोण देणार, ते सांगा.

म्हणजे पुढचा फोन आला की मला उत्तर तरी देता येईल.