रुग्णाची कैफियत कोण मांडणार?

ज्यांचे हितसंबंध एखाद्या कायद्यात अथवा धोरणात गुंतलेले आहेत त्यांनी सरकारदरबारी अर्ज करावेत, शिष्टमंडळे न्यावीत, मसुद्यावर हरकती नोंदवाव्यात आणि मंत्र्यांपासून कारकुनांपर्यंत सर्वांना आपली बाजू पटवून द्यावी, यात लोकशाहीस बाधक असे काही नाही. किंबहुना असा हक्क नागरिकांस नसेल तर राज्यकर्त्यांस आपल्या निर्णयाचे परिणाम कळण्याचा मार्गच उरणार नाही. औषध कारखानदार, उपकरणांचे आयातदार, रुग्णालयांचे चालक आणि डॉक्टरांच्या संघटना हा हक्क बजावतात याबद्दल आमची तक्रार नाही. आमची तक्रार अशी आहे की, ज्याच्या देहावर आणि ज्याच्या पैशावर या साऱ्या धोरणाचा अंतिम भार पडतो तो रुग्ण या रदबदलीत कोठेच दिसत नाही, आणि त्याच्या गैरहजेरीची सरकारी दप्तरात साधी नोंदही होत नाही.

या गैरहजेरीचे कारण रुग्णाच्या उदासीनतेत नाही, ते त्याच्या स्थितीत आहे. कारखानदार वर्षाचे बारा महिने कारखानदार असतो. त्याच्याजवळ वकील असतात, हिशेबनीस असतात, दिल्लीत कायम कचेरी असते, आणि एका कलमातील एका शब्दाने आपले किती कोटी वाचतील अथवा बुडतील याचे गणित त्याच्यापाशी तयार असते. रुग्ण हा काही दिवसांपुरताच रुग्ण असतो. त्या दिवसांत त्याला अन्य काही सुचत नाही. पुढे तो बरा झाला म्हणजे कर्ज फेडण्याच्या विवंचनेत पडतो, आणि बरा झाला नाही तर त्याच्या कुटुंबास त्या रुग्णालयाचे नावही काढवत नाही. अशा विखुरलेल्या, थकलेल्या माणसांची कायमची संघटना आपोआप उभी राहत नाही. ती कोणीतरी निष्ठेने आणि पदरमोड करून उभी करावी लागते.

ती उभी राहिली असता काय घडते याचा दाखला हृदयरोग्यांना बसवल्या जाणाऱ्या स्टेंटच्या प्रकरणात मिळतो, आणि त्याचा विचार सविस्तर करणे अगत्याचे आहे. हृदयविकाराचा झटका आलेला मनुष्य कॅथलॅबमधील टेबलावर असतो, बाहेर उभ्या असलेल्या त्याच्या पत्नीला अथवा मुलाला अमुक प्रकारचा स्टेंट घालायचा की तमुक, हे घटकाभरात सांगावयाचे असते, आणि कोणताही शहाणा माणूस अशा वेळी ‘स्वस्तातला घाला’ असे म्हणत नाही. खरेदीदाराला वस्तूची पारख नाही, नकार देण्याची सवड नाही, दुसऱ्या दुकानी जाण्याची सोय नाही. अशा व्यवहाराला बाजार हे नाव देणेच चुकीचे आहे. दिल्लीतील एक वकील याविरुद्ध उच्च न्यायालयाची पायरी चढला. रुग्णहक्कांसाठी झटणाऱ्या संघटनांनीही हा प्रश्न लावून धरला. जुलै 2016 मध्ये स्टेंटचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय सूचीत झाला. आणि राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने पुरवठ्याच्या साखळीतील हिशेब तपासून ते लोकांपुढे ठेवले. रुग्णालयाच्या पातळीवरील नफ्याचे प्रमाण काही ठिकाणी 654 टक्क्यांपर्यंत गेले असल्याचे त्यातून उघड झाले. 13 फेब्रुवारी 2017 रोजी औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत 29,600 रुपये आणि साध्या धातूच्या स्टेंटची 7,260 रुपये ठरली. तत्पूर्वी छापील किमती सरासरीने अनुक्रमे सुमारे 1 लाख 21 हजार आणि 45 हजार रुपयांच्या घरात होत्या.

त्यानंतर जे झाले तेही तितकेच बोधप्रद आहे. काही परदेशी कंपन्यांनी आपले उंची स्टेंट भारतातून परत नेण्याची परवानगी मागितली. अमेरिकेतील उपकरण उत्पादकांच्या ‘ॲडव्हामेड’ या संघटनेने त्या देशाच्या व्यापार प्रतिनिधींकडे भारताविरुद्ध अर्ज केला. तेथील दुग्धव्यावसायिकांनीही आपल्या निराळ्या कारणासाठी तसाच अर्ज केला. आणि जून 2019 मध्ये भारतीय मालास मिळणारी जकातीची सवलत अमेरिकेने काढून घेतली. नागपूरच्या अथवा नाशिकच्या एखाद्या हृदयरोग्याच्या बिलातील आकडा वॉशिंग्टनमधील व्यापारी वाटाघाटीचा विषय होऊ शकतो, एवढी या रदबदलीची पोहोच आहे. त्या दडपणाखालीही मूल्यनियंत्रण टिकले, आणि ते टिकण्यास एक कारण असे की, नफ्याचे आकडे आधीच सर्वांसमोर आले होते. जे आकडे वर्तमानपत्रांतून घरोघर पोहोचले ते बंद दाराआड खोडून काढणे कोणत्याही मंत्र्यास सोपे नव्हते.

जेथे असा उजेड पडला नाही तेथे काय झाले, हे औषधांच्या किमतींचा इतिहास सांगतो. जयसुखलाल हाथी यांच्या समितीने 1975 साली 117 अत्यावश्यक औषधांची यादी देऊन औषधे व्यापारी नावांऐवजी मूळ नावाने विकली जावीत अशी शिफारस केली. ती बहुतांशी कागदावर राहिली. 1979 च्या आदेशाने 347 मूळ औषधद्रव्ये मूल्यनियंत्रणाखाली होती, 1987 साली ती 142 वर आली, आणि 1995 साली त्यांची संख्या 75 च्या आसपास उरली. हे आकुंचन कोणत्या बैठकींत, कोणाच्या कैफियतींवरून ठरले, याचा तपशील सामान्य नागरिकाला कधीच मिळाला नाही. 2002 सालच्या धोरणाने ही कक्षा आणखी आखडू लागली तेव्हा ऑल इंडिया ड्रग ॲक्शन नेटवर्क आणि अन्य संस्था सर्वोच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयाच्या रेट्यामुळेच अखेर 2013 च्या आदेशात 348 औषधे नियंत्रणाखाली आली. तथापि कमाल किंमत उत्पादनखर्चावरून न ठरवता बाजारातील प्रमुख नाममुद्रांच्या किमतींची सरासरी काढून ठरवण्याची रीत त्याच आदेशाने पत्करली. म्हणजे ज्या चढ्या किमतींना आवर घालायचा त्यांनाच मोजमापाचा आधार केले. या रीतीचा लाभ कोणास झाला हे सांगावयास नको.

डॉक्टरवर्गाची गोष्ट यापेक्षा गुंतागुंतीची आहे, आणि तिच्याविषयी आम्ही अधिक सावधपणे लिहितो. राजस्थानच्या विधानसभेने मार्च 2023 मध्ये आरोग्यहक्काचा कायदा संमत केला तेव्हा खासगी डॉक्टरांनी काम बंद ठेवले. तातडीच्या उपचारांचा खर्च सरकार केव्हा आणि कसा भरून देणार, ही त्यांची शंका अगदी रास्त होती. परंतु पंधरवड्यात जो समेट झाला त्यान्वये 50 खाटांच्या आतील, तसेच सरकारी सवलती न घेतलेली खासगी रुग्णालये कायद्याच्या कक्षेबाहेर गेली. कायदा ज्याच्या नावाने झाला होता त्या रुग्णाचा मुखत्यार त्या समेटाच्या मेजाशी नव्हता.

यावर उपाय रदबदली बंद करण्याचा नाही. ती बंद होणारही नाही. तिची जाहीर नोंद व्हावी, एवढीच आमची मागणी आहे. महत्त्वाचे धोरण आखताना त्यासंबंधीची वस्तुस्थिती आपण होऊन प्रसिद्ध करावी, असे बंधन माहिती अधिकार अधिनियम 2005 च्या चौथ्या कलमाने सरकारवर घातलेलेच आहे. मसुदा किमान 30 दिवस लोकांपुढे ठेवून आलेल्या सूचनांचा गोषवारा द्यावा, असे केंद्राने 2014 साली स्वतःच ठरविले आहे. आता एक पाऊल पुढे टाकून आरोग्य आणि औषध या दोन्ही खात्यांनी प्रत्येक मसुद्यासोबत, त्याविषयी कोणकोणत्या संस्था कोणत्या तारखेस भेटल्या, त्यांनी लेखी काय मागितले, आणि त्यांपैकी काय मान्य झाले, हे प्रसिद्ध करावे. तसेच तज्ज्ञ समितीवर बसणाऱ्या प्रत्येकाने आपले आर्थिक हितसंबंध लिहून द्यावेत. डॉक्टरांना भेटी आणि प्रवास देण्याच्या प्रथेविरुद्धची औषध विपणनाची संहिता 2015 मध्ये ऐच्छिक म्हणून आली आणि 2024 मध्ये नव्याने काढतानाही तिच्या तक्रारींचा निवाडा कारखानदारांच्याच संघटनांकडे राहिला. तिला कायद्याचे बळ द्यावे अशी याचना घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेली ती औषधविक्री प्रतिनिधींची संघटना, म्हणजे ज्यांच्या हातून त्या भेटी पोहोचवल्या जातात तेच लोक. त्यांची साक्ष सरकारने गंभीरपणे ऐकली पाहिजे.

महाराष्ट्राने तर याचा आरंभ स्वतःच्या घरापासून करावा. केंद्राचा 2010 चा वैद्यकीय आस्थापना कायदा आपण स्वीकारलेला नाही. 1949 च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्यावर आपला कारभार चालतो, आणि 2021 साली त्याच्या नियमांत रुग्णहक्कांची सनद आली ती जन आरोग्य अभियानासारख्या संघटनांनी वर्षानुवर्षे चिकाटीने केलेल्या पाठपुराव्यामुळे. त्या सनदेची अंमलबजावणी किती रुग्णालयांत झाली, किती तक्रारी आल्या आणि किती निकालात निघाल्या, याचा जिल्हावार तक्ता आरोग्यमंत्र्यांनी येत्या अधिवेशनात सभागृहापुढे ठेवावा, आणि राज्यव्यापी नव्या कायद्याचा मसुदा जेव्हा केव्हा होईल तेव्हा त्याच्या समितीवर डॉक्टरांच्या प्रतिनिधींइतकेच रुग्णांचे प्रतिनिधी नेमावेत.