सपाट म्हणजे नेमके किती सपाट?

सोसायटीच्या पंपाच्या शाफ्टपाशी पाणी ठिबकू लागले की मिस्त्री सांगतो, ‘सील गेले.’ या सीलमध्ये एकमेकींना टेकलेल्या दोन कड्या असतात, एक फिरणारी आणि एक स्थिर. गळती रोखण्यात मोठा वाटा त्यांच्या सपाटपणाचा असतो. पाणी सांडले तर पुसता येते. पण रासायनिक कारखान्याच्या पंपात बेन्झीन असेल, तर तीच गळती कामगाराच्या श्वासात जाते. बेन्झीनमुळे रक्ताचा कर्करोग होतो, हे सिद्ध झाले आहे. म्हणूनच सपाटपणाचे मोजमाप ही केवळ कारखान्याची बाब नाही.

हे मोजायची पद्धत जुनी आणि सुंदर आहे. लॅपिंग करून चकचकीत केलेल्या कडीवर अत्यंत सपाट काच, म्हणजे ‘ऑप्टिकल फ्लॅट’, ठेवतात आणि हेलियमच्या दिव्याखाली पाहतात. काळ्या-पिवळ्या पट्ट्या दिसतात. त्या सरळ आणि समांतर असतील तर पृष्ठभाग सपाट. वाकल्या तर कुठे उंचवटा किंवा खळगा आहे. दोन पट्ट्यांमधल्या अंतराएवढा बाक म्हणजे सुमारे 0.29 मायक्रॉनचा फरक. सीलच्या कड्यांना साधारण दोन-तीन पट्ट्यांचीच मुभा असते.

अडचण पुढेच आहे. 100 मिलिमीटर रुंद आणि 10 मिलिमीटर जाड पोलादी चकतीच्या वरच्या व खालच्या बाजूच्या तापमानात एका अंशाचा फरक पडला, तरी ती सुमारे 1.4 मायक्रॉन वाकते. म्हणजे जवळजवळ पाच पट्ट्या! मशीनवरून नुकताच उतरवलेला किंवा हातात धरून गरम झालेला जॉब लगेच मोजला, तर आपण जॉब नव्हे, उष्णता मोजतो. शिकंजात घट्ट आवळलेला जॉब सुटल्यावर आकार बदलतो, ते वेगळेच.

तरीही अनेक ठिकाणी ड्रॉइंगवर अर्ध्या मायक्रॉनची अट सहज लिहिली जाते आणि तपासणीसाला मात्र पत्र्याच्या शेडचा कोपरा मिळतो. वर ‘गाडी भरायची आहे, सही कर’ हा तगादा. ज्या यंत्राची स्वतःची अनिश्चितता एक-दोन मायक्रॉन आहे, त्यावर काढलेला अर्ध्या मायक्रॉनचा आकडा हे मोजमाप नव्हे, ती समजूत आहे.

माझे म्हणणे साधे आहे. तपासणी अहवालात आकड्याशेजारी पद्धत, तापमान आणि अनिश्चितता लिहिलीच पाहिजे, आणि खरेदी करणाऱ्याने ती मागितलीच पाहिजे. 20 अंशांची खोली आणि जॉब निवायला लागणारे तास हा वायफळ खर्च नाही. ते परवडत नसेल, तर अर्ध्या मायक्रॉनचा दावा तरी करू नये.