रेल्वेच्या दुरुस्तीचं काम वाढतंय, आपल्या पोरांच्या वाट्याला काय?

पॉवर टिलर घेताना आपण किंमत विचारतो ती एकदाच. खरा खर्च पुढे कळतो. बेल्ट, ब्लेड, बेअरिंग, ऑइल सील आणि ऐन लावणीत मेकॅनिकची वाट बघणं. माझ्या टिलरच्या पार्टांत आजवर किती गेले, तो हिशोब मी घरात काढत नाही. रेल्वेचंही तसंच झालंय, फक्त आकडे कोटींतले.

इंजिन आणि डबे बनवणाऱ्या कंपन्या आता ते सांभाळायचं कामही सोबतच घेतात. आपल्या लातूरच्या कारखान्यात वंदे भारत स्लीपरचे 1,920 डबे बनवायचा करार झालाय, त्यात 35 वर्षांची देखभालही आहे. गुजरातेत दाहोदला सीमेन्सकडे 1,200 इंजिनांचं काम आहे, तिथेही 35 वर्षं देखभाल. बिहारमधल्या मधेपुऱ्यात बनणाऱ्या इंजिनांसाठी नागपूरला डेपो उभा राहिला. म्हणजे गाडी बनते काही महिन्यांत, पण तिचे पार्ट बदलायचं काम एका पिढीला पुरतं.

आता आपल्याकडे या. पोलादपूरकराला गाडी धरायची तर वीर नाहीतर करंजाडी गाठावी लागते. रोहा ते वीर रूळ 1993 ला सुरू झाला, संपूर्ण कोकण रेल्वे 1998 ला. तीस वर्षांच्या वर झालेला रस्ता आहे हा. पूल, बोगदे, स्लीपर सगळंच जुनं होत चाललंय. त्यात 2021 ला रोहा-वीर दुपदरी झाला आणि 2022 ला पूर्ण मार्गावर वीज आली. त्यामुळे काम नुसतं वाढलं नाही, बदललं. डिझेल मेकॅनिकची गरज कमी होणार. ओव्हरहेड वायर, इन्सुलेटर, सिग्नल, खडी घट्ट करणारी मशीन यांची माणसं लागणार.

आणि पाऊस आहेच. 16 जून 2004 ला करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस रुळावर आलेल्या दगडांमुळे घसरली, ते इकडे कोण विसरलंय? त्यानंतर डोंगरांना जाळ्या मारल्या, उतार कापले. पावसाळ्यात सहाशेच्या वर माणसं रुळावर गस्त घालतात आणि जोराचा पाऊस असला की गाडी ताशी 40 किलोमीटरवर आणतात. तरी जुलै 2024 मध्ये विन्हेरे आणि दिवाणखवटीच्या मध्ये बोगद्याच्या तोंडावर दरड आलीच, पण गाडी त्यात सापडली नाही. आमच्या आंबेनळी घाटात उलटं असतं. आधी दरड येते, मग जेसीबी. देखभाल आणि दुरुस्ती यांतला फरक तो एवढाच.

पण देखभालीला पैसा लागतो आणि कोकण रेल्वे महामंडळाकडे तोच कमी. केंद्राचा वाटा 51 टक्के, महाराष्ट्राचा 22, कर्नाटकचा 15, गोवा आणि केरळचा सहा-सहा. मोठं काम निघालं की प्रत्येक राज्याकडे हात पसरायचा. म्हणून भारतीय रेल्वेत विलीनीकरणाचा विषय पुढे आला. मे 2025 मध्ये महाराष्ट्रानेही संमती दिली. अटी बातम्यांत आल्या त्या दोन: ‘कोकण रेल्वे’ हे नाव राहावं आणि राज्याने घातलेले 394 कोटींच्या आसपासचे पैसे परत मिळावेत.

माझं म्हणणं इथे आहे. नाव राहील, पैसे येतील. पण ज्यांच्या जमिनी रुळाखाली गेल्या, त्यांच्या पोरांना कोकण रेल्वेच्या भरतीत प्राधान्य आहे. विलीनीकरणानंतर त्या प्राधान्याचं काय? भारतीय रेल्वेची भरती देशभराची, त्यात आपली विन्हेऱ्याची पोरं बिहार, राजस्थानच्या लाखो अर्जांत उभी राहणार. कायमच्या जागा बाहेरचे भरणार आणि पावसात खडी ओतायला ठेकेदार आपल्याच वाडीतले गडी नेणार, असं व्हायला वेळ लागत नाही. खासदार-आमदारांनी ही तिसरी अट आत्ताच लेखी मागायला हवी. ग्रामसभेत ठराव घ्यायला काही खर्च नाही.

दरम्यान पोरगा आयटीआयला घालायचा असेल तर इलेक्ट्रिशियन, फिटर, वेल्डर बघा. भारतीय रेल्वेच्या लेव्हल एकच्या भरतीत 20 टक्के जागा रेल्वेत अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांना असतात, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. आणि भूसंपादनाचे जुने कागद आजोबांच्या पेटीत असतील तर ते आत्ताच काढा, वाळवीच्या आधी.