आरांची फुले केवळ शोभेची नव्हेत

१/ प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचा (१९४७) विषय निघाला की सूझा, रझा, हुसेन यांच्यावर वाद रंगतात. त्याच गटाच्या सहा संस्थापकांपैकी के. एच. आरा यांच्या फुलदाण्या मात्र 'दिवाणखान्याची शोभा' म्हणून बाजूला सारल्या जातात. हा निवाडा घाईचा आहे.

२/ आरांचा जन्म १९१४ साली सिकंदराबादजवळच्या बोलारम येथे झाला. बालपणीच ते मुंबईस आले. घरगडी म्हणून राबले, मोटारी धुतल्या, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवास भोगला.

३/ म्हणजे टेबल, फुलदाणी, फळांची ताटली हे साहेबी घराचे वैभव त्यांनी प्रथम न्याहाळले असणार ते नोकराच्या नजरेने, पुसून जागेवर ठेवण्यासाठी.

४/ आता चित्र पाहावे. जलरंग व गॉशसुद्धा ते तैलरंगासारखे जाड थरांत लावीत. फुले चौकटभर दाटतात. पाकळ्यांची नाजूक मोजदाद नसते, कुंचल्याचे जोरकस फटकारे असतात. सतराव्या शतकातील डच पुष्पचित्रांत अनेकदा धनिकाची संपत्ती मिरवते. आरांच्या चित्रात धनिकाची खूणही उरत नाही.

५/ १९५२ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांना मिळाले तेही 'टू जग्ज' या स्थिरचित्रासाठी. विषय काय, तर घरातली दोन भांडी.

६/ चित्रातील राजकारण केवळ मोर्चे आणि घोषणा यांत शोधले, तर आरा निसटतात. परक्या घरात ज्या वस्तूंची केवळ निगा राखायची, त्यांचा अर्थ ठरविण्याचा अधिकार त्यांनी कागदावर मिळविला. त्या फुलांचा इतिहास येथून वाचला पाहिजे.