सुई आमच्या मुलींच्या हाती, दोषही त्यांच्याच माथी!

३१ जानेवारी २०२१. पल्स पोलिओ मोहिमेचा दिवस. यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात कापसी-कोपरी या गावी पाच वर्षांखालील १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. बालके बचावली. तीन कर्मचाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली. पण थेंबांच्या जागी सॅनिटायझरची बाटली हाती येऊच कशी शकली, याचे उत्तर निलंबनाने मिळते काय?

हा प्रश्न आम्ही विचारतो तो आमच्या मुलींसाठी. परंडा तालुक्यातील सोनारी लोकांना ठाऊक आहे ती काळभैरवनाथाच्या यात्रेमुळे आणि साखर कारखान्यामुळे. अशा गावांतून, ज्यांच्या आईबापांच्या हाती खुरपे आणि कोयता आहे, त्या बौद्ध, मातंग, भटक्या-विमुक्त घरांतील मुली शिष्यवृत्तीच्या आधाराने एएनएम, जीएनएमला जातात. त्यांच्या एका चुकीने रुग्णाचा जीव जाऊ शकतो आणि घरातली पहिली पगाराची नोकरीही.

वर्गात त्यांच्याकडून पाच गोष्टी पाठ करून घेतात: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. हे नुसते पाठांतर नव्हे. इन्सुलिनचेच पाहा. आपल्याकडे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन्ही प्रकारच्या बाटल्या मिळतात. लाल टोपणाची सिरिंज ४० ची, नारिंगी टोपणाची १०० ची. १०० च्या बाटलीतले औषध ४० च्या सिरिंजमध्ये वीसच्या रेघेपर्यंत भरले, तर रुग्णाच्या अंगात २० नव्हे, ५० युनिट जातात. रक्तातली साखर उतरून रुग्ण बेशुद्ध पडतो, दगावूही शकतो. म्हणून बाटली आणि सिरिंज दोन्ही वाचायच्या, दुसऱ्या परिचारिकेला दाखवायच्या, नाव रुग्णाच्याच तोंडून वदवून घ्यायचे, दुसऱ्याने भरलेले इंजेक्शन द्यायचे नाही आणि दिल्याबरोबर नोंद करायची.

पण वॉर्डात काय होते? सामान्य वॉर्डात सहा रुग्णांमागे एक परिचारिका हा सरकारचाच निकष. तो पाळला गेला नाही की शिकाऊ मुलगी फुकटचा हात बनते. ‘स्टुडंट, पटकन देऊन ये’ असा तोंडी हुकूम सुटतो. तिने ‘मात्रा किती?’ विचारले तर ती उद्धट ठरते! खालच्याने वरच्याला प्रश्न विचारायचा नाही, हा मनुस्मृतीचाच कायदा पांढऱ्या कपड्यांत वावरतो आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांच्या चुकांविरुद्ध मोहीम उघडली, तेव्हा थकवा आणि अपुरे मनुष्यबळ हीही कारणे सांगितली होती. परंड्याचे आमदार तानाजी सावंत २०२२ ते २०२४ या काळात राज्याचे आरोग्यमंत्री होते. तालुक्याला मंत्रिपद मिळणे वेगळे आणि वॉर्डाला पुरेशा परिचारिका मिळणे वेगळे, हे आम्ही ओळखले पाहिजे.

आमची मागणी साधी आहे. शिक्षिका शेजारी उभी असल्याशिवाय विद्यार्थिनीला इंजेक्शन द्यायला लावू नये. आदेश लेखी असावा. झालेली चूक तात्काळ सांगणाऱ्या मुलीला शिक्षेची भीती नसावी, कारण लपवलेली चूकच रुग्णाला मारते. चळवळीच्या संघटनांनी हे प्रश्न घेऊन नर्सिंग महाविद्यालयांत आणि वसतिगृहांत गेले पाहिजे.

बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली. तिची राख वॉर्डात अजून धुमसते आहे. मुलींनो, खात्री झाल्याशिवाय सुई टोचू नका. तुमच्या एका प्रश्नात रुग्णाचा प्राण आहे आणि तुमचा स्वाभिमानही!