काळ्या दोऱ्याचा मान

1937 साली विजय भट्ट यांच्या ‘ख्वाब की दुनिया’त अदृश्य माणूस वावरला आणि वस्तू आपोआप हलल्या. साधन काय होतं? मागे काळा पडदा, त्यापुढे काळा दोरा, आणि दोऱ्यावर उजेड पडणार नाही अशी बेतलेली प्रकाशयोजना. ही करामत करणारे बाबूभाई मिस्त्री तेव्हा विशीतही पोचले नव्हते. सिनेमावाल्यांनी त्यांना नावच दिलं, ‘काला धागा’.

पुढे ‘हातिमताई’त, ‘संपूर्ण रामायण’मध्ये, ‘पारसमणी’त, ‘महाभारत’मध्ये पडद्यावर देव उडाले, राक्षस वाढले, बाण बाणाला भिडले. त्यामागे हेच डोकं होतं. 2010 साली, ब्याण्णवाव्या वर्षी बाबूभाई गेले. दादासाहेब फाळके पुरस्कार 1969पासून दिला जातो. म्हणजे पुरस्कार सुरू झाल्यावर चाळीस वर्षं हा माणूस मुंबईत हयात होता. त्यांना तो मिळाला नाही.

त्यांनाच नव्हे, ट्रिक फोटोग्राफीवर आयुष्य घालवलेल्या कोणालाच मिळालेला नाही. नट-नट्या, दिग्दर्शक, निर्माते, संगीतकार, गायक, गीतकार यांना मिळाला. कॅमेरामन म्हणून व्ही. के. मूर्ती यांचा नंबर लागायला 2008चा पुरस्कार उजाडावा लागला. 2017 ते 2023 या सात वर्षांचे सातही मानकरी पडद्यावरचे चेहरे आहेत. त्यांच्यापैकी एकाचाही मान कमी करायचा नाही. पण पुरस्कार कोणाच्या नावाचा आहे, हे तरी पाहावं.

फाळके स्वतः जादूचे प्रयोग करत. ‘प्रोफेसर केळफा’ हे त्यांचं रंगमंचावरचं नाव. सिनेमासाठी पैसे उभे करायचे होते, तेव्हा त्यांनी काय दाखवलं? कुंडीतला वाटाण्याचा दाणा. तो रोज थोडा थोडा टिपला, आणि पडद्यावर काही क्षणांत अंकुर फुटून वेल वर चढली. ते पाहून यशवंत नाडकर्णी कर्ज द्यायला तयार झाले आणि ‘राजा हरिश्चंद्र’चा मार्ग मोकळा झाला. भारतीय सिनेमाचं पहिलं भांडवल एका ट्रिकवर उभं राहिलं, असं म्हणण्यात मला अतिशयोक्ती वाटत नाही. पुढे ‘श्रीकृष्णजन्म’मध्ये कंसाचं मुंडकं धडावेगळं होऊन तरंगलं, ‘कालियामर्दन’मध्ये त्यांची लहानगी मंदाकिनी नागाशी झुंजली. या कलेचा देशातला मूळ पुरुष फाळकेच आहेत. त्यांच्या नावाचा सर्वोच्च सन्मान तिच्या वाटेला अजून फिरकलेला नाही.

यावर ठरलेलं उत्तर असतं. हे काम सांघिक आहे, एकाचं नाव कसं काढणार? आजच्या शेकडो माणसांच्या कामाबद्दल ते काही अंशी पटतं. बाबूभाईंच्या बाबतीत अजिबात नाही. ‘मिस्टर इंडिया’तला अनिल कपूर अदृश्य करणारे पीटर परेरा यांच्या बाबतीतही नाही. राष्ट्रीय पुरस्कारांत दृश्यपरिणामांसाठी जागा आहे, हेही सांगितलं जाईल. आता ती ॲनिमेशन, गेमिंग आणि कॉमिक्सबरोबर एकाच विभागात आहे, आणि मिळते ती त्या वर्षीच्या चित्रपटाच्या कामाला. आयुष्यभराच्या कामगिरीचा प्रश्न तिथे सुटत नाही.

विरार लोकल पकडून गोरेगाव-मालाडच्या स्टुडिओत जाणारी मुलं आज संगणकावर ‘वायर रिमूव्हल’ करतात. नायकाला उचलून धरणारी दोरी पुसायची, एका सेकंदाच्या चोवीस फ्रेममधून, दिवसभर, कधी रात्रभरही. बाबूभाई काळ्या पडद्यापुढे दोरा लपवत होते. ही मुलं तेच काम करत आहेत. आपल्या कामाला शंभर वर्षांहून मोठी परंपरा आहे, ती फाळक्यांपासून सुरू होते, हे त्यांना देशाने जाहीरपणे सांगायला हवं. पत्रकं काढून ते होणार नाही, सर्वोच्च सन्मान दिल्यानेच होईल.

बाबूभाई आता नाहीत, ही अडचण होऊ शकत नाही. पृथ्वीराज कपूर यांना 1971चा आणि विनोद खन्ना यांना 2017चा फाळके पुरस्कार मरणोत्तरच दिला गेला. वाट दोनदा मोकळी करून झाली आहे. मराठी चित्रपट महामंडळाने आणि राज्य सरकारने मिळून बाबूभाई मिस्त्रींचं नाव केंद्राकडे सुचवावं, आणि ते याच वर्षी सुचवावं.