औषधदान आणि गावाची नोंदवही

आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान या चतुर्विध दानांपैकी औषधदानाची परंपरा जैन समाजाने आधुनिक काळातही निष्ठेने जपली आहे. धर्मादाय दवाखाने, नेत्रशिबिरे, रुग्णवाहिका, डायलिसिसची यंत्रे यांवर दात्यांची नावे आदराने कोरलेली आढळतात. तत्त्वार्थसूत्रात मात्र दानाचे फळ विधी, द्रव्य, दाता आणि पात्र या चारींच्या विशेषावर अवलंबून असल्याचे सांगितले आहे. विश्वस्तांच्या बैठकीत द्रव्य आणि दाता यांची चर्चा विस्ताराने होते. पात्र कोण आणि त्याची निकड नेमकी कोणती, हे बहुधा गृहीतच धरले जाते.

भोर आणि वेल्हे या तालुक्यांत हे गृहीतक फार लवकर उघडे पडते. २०११ च्या जनगणनेनुसार भोरची लोकसंख्या सुमारे १ लाख ८६ हजार, तर वेल्ह्याची, म्हणजे आता राजगड हे नाव मिळालेल्या तालुक्याची, अवघी ५४ हजारांच्या आसपास. सपाट प्रदेशात ३० हजार आणि डोंगरी वा आदिवासी भागात २० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा शासकीय निकष आहे. सपाटीच्या निकषाने वेल्ह्याच्या वाट्याला दोन केंद्रेही पुरती येत नाहीत. डोंगरी निकषाने फार तर तीन. कागदावरील हिशोब चोख जुळतो. परंतु तोरणा-राजगडाच्या सोंडांमध्ये वसलेल्या वाड्या, धनगरवाडे आणि कातकरी वस्त्या त्या हिशोबात बसत नाहीत. भाटघर, नीरा-देवघर, पानशेत, गुंजवणी या जलाशयांनी खोऱ्यांचे दुभंग केले आहेत. पलीकडच्या काठावरील गाव समोर दिसते, पण तेथे पोहोचण्यासाठी पाण्याला लांबलचक वळसा घालावा लागतो. माणसे मोजली तर येथे सुविधा पुरेशी ठरते; वाट मोजली तर ती अपुरी ठरते. कोणती मोजणी हाती घ्यावी, यावरच पैसा कोठे जाईल हे ठरते.

समजा, एखाद्या न्यासाने या भागासाठी काही रक्कम बाजूला काढली. तिचे शिबिर करावे, सोनोग्राफीचे यंत्र घ्यावे, की प्रसूतीची तारीख जवळ आलेल्या स्त्रियांसाठी रुग्णालयाजवळ मुक्कामाची खोली बांधावी? उत्तर सद्भावनेतून मिळत नाही. कोणत्या वाडीतील बाळंतपणे घरी किंवा वाटेतच झाली, ती कोणत्या महिन्यांत, भातलावणीच्या दिवसांत सर्पदंशाचे रुग्ण कोठून आले आणि लस मिळेपर्यंत किती वेळ गेला, हे ठाऊक असावे लागते. ही माहिती अस्तित्वात नाही असे नाही. आशाताईंची डायरी, उपकेंद्रातील नोंदवह्या, १०८ रुग्णवाहिकेच्या नोंदी यांत ती विखुरलेली असते. ती वर पाठविली जाते, तिची बेरीज होते, आणि बेरजेत वाडीचे नाव पुसले जाते.

नोंदीतून रुग्णालय कसे घडते, याचे उदाहरण पुणे जिल्ह्यातच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी सत्तरच्या दशकात शिरूर तालुक्यातील वढू येथे ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले आणि गावातील सामान्य माणसांनाच आरोग्यसेवेत सामील करून घेतले. १९९३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००२ पासून तेथील २२ गावांत घरोघरचे जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांची नियमित नोंद ठेवण्याची व्यवस्था सुरू झाली. दवाखान्यात आलेल्यांची यादी प्रत्येक रुग्णालयाकडे असते. न आलेल्यांची नोंद ठेवणारे रुग्णालय विरळा.

त्याच केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. निम्म्याहून अधिक मातांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. शाकाहार निष्ठेने पाळणाऱ्या कुटुंबांनी, विशेषतः गर्भवती सुनेच्या आणि लेकीच्या बाबतीत, हा निष्कर्ष डॉक्टरांपुढे अवश्य मांडावा. व्रत न मोडता ब-१२ गोळीतून घेता येते.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ची स्थापना केली. गावागावांतील बालमृत्यू मोजताना त्यांतील मोठा वाटा जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातील असल्याचे दिसले, आणि तो घरात घडत होता. मग नवजात कक्ष बांधण्याऐवजी गावातील स्त्रीला प्रशिक्षण देऊन बाळाची काळजी घरीच घेण्याची पद्धत उभी राहिली. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले, पुढे ही पद्धत आशांच्या कामाचा भाग बनली. इमारत बांधली असती तर कोनशिला दिसली असती, एवढाच काय तो फरक.

मोजणी मात्र केवळ तज्ज्ञांनीच करावी असे नाही. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ च्या सुमारास महाराष्ट्रातील पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. पुणे त्यांपैकी एक. ‘साथी’ ही पुण्यातील संस्था तिचे समन्वयन करीत होती. गावकरी स्वतः आरोग्यसेवेची पाहणी करीत आणि फलकावर हिरवा, पिवळा वा लाल रंग भरीत. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही लाल रंग कळतो. नंतर जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर तो फलक मांडला जाई. रुग्ण कल्याण समितीचा निधी रंगरंगोटीवर जावा की प्रसूतिकक्षातील पाण्यावर, या वादात फलकाचा रंग हे मोठे प्रमाण असते.

अमेरिकेत २०१० च्या आरोग्य कायद्याने करसवलत घेणाऱ्या धर्मादाय रुग्णालयांना दर तीन वर्षांनी परिसरातील आरोग्य-गरजांची पाहणी करणे आणि ती कशी भागविणार हे प्रसिद्ध करणे बंधनकारक केले. महाराष्ट्रात २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी, १० टक्के दुर्बल घटकांसाठी आणि बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीसाठी राखावी लागते. योजना मोलाचीच. मात्र तिचा लाभ खाटेपर्यंत पोहोचलेल्यालाच मिळतो. पानशेतच्या पलीकडून झोळीतून निघालेल्या रुग्णाची वाट तिच्या कक्षेत येत नाही. परिसराच्या पाहणीची अट कायद्यात नसली, तरी ती न्यासाच्या ठरावात घालण्यास कोणाचीच आडकाठी नाही.

त्यासाठी खर्चही फारसा नाही. भोरचे उपजिल्हा रुग्णालय आणि वेल्ह्याचे ग्रामीण रुग्णालय येथील वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलून, रुग्णांची नावे वगळून, मागील तीन पावसाळ्यांत पुण्याला पाठवाव्या लागलेल्या रुग्णांची गाववार आणि महिनावार यादी मागता येते. मग त्या वाड्यांत जाऊन आशाताईंना विचारावे की, जे निघालेच नाहीत ते किती. आषाढात चातुर्मास सुरू होतो, आणि भाताची लावणीही ऐन भरात असते. शिबिरांची निमंत्रणे मात्र सहसा दिवाळीनंतर, रस्ते कोरडे झाल्यावर निघतात.